सी-शार्पवर चालणारा क्वाडकॉप्टर मध्येच झटका का देतो?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात डॉटनेटवर (मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर बनवायचं व्यासपीठ, त्याची भाषा सी-शार्प) काम करतात. सी नव्यानं शिकत बसायचं नाही, म्हणून त्यांनी ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर नॅनोफ्रेमवर्क (चिपवर सी-शार्प चालवणारं छोटं डॉटनेट) टाकून क्वाडकॉप्टरचा, म्हणजे चार पंख्यांच्या ड्रोनचा, सगळा कोड सी-शार्पमध्येच लिहिला. ४५० मिलिमीटरची फ्रेम, १००० केव्हीच्या (व्होल्टमागे मिनिटाला १००० फेरे) २२१२ मोटर, दहा इंची पंखे, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारी सर्किटं), तीन सेलची लायपो बॅटरी आणि एमपीयू-६०५० सेन्सर (त्यातला जायरो फिरण्याचा वेग देतो, अ‍ॅक्सेलरोमीटर कलाचा अंदाज). फ्रेम हातात धरून थ्रॉटल दिला की काही सेकंद छान तोल धरतो, मग एकदम झटका, पुन्हा शांत, पुन्हा झटका. पीआयडीचे (तोल सावरायला मोटरना किती जोर द्यायचा ते ठरवणाऱ्या सूत्राचे) आकडे खालीवर करून दमले, फरक नाही. लूपच्या शेवटी चार मिलिसेकंदांचा स्लीप आहे आणि डीटी (दोन फेऱ्यांमधला वेळ, सेकंदांत) ०.००४ धरलाय. शेवटचा सवाल: मॅनेज्ड कोडवर, म्हणजे मेमरी स्वतः सांभाळणाऱ्या सी-शार्पसारख्या भाषेत, क्वाड उडूच शकत नाही का?

उडतो. पण पुढचं वाचण्याआधी पंखे काढून ठेवा. दहा इंची पंखा पूर्ण वेगात बोटाला लागला तर टाक्यांवर भागत नाही, आणि तुमचा कोड आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत फ्रेम हातात धरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. खालच्या बहुतेक चाचण्या पंख्यांशिवाय होतात.

झटका दर काही सेकंदांनी, जवळजवळ ठरावीक अंतरानं येतो, यातच निदान आहे. पीआयडी चुकलेला असता तर क्वाड सतत थरथरला असता किंवा हळूहळू एका बाजूला झुकला असता. ठोक्यावर येणारी गडबड म्हणजे गार्बेज कलेक्शन (जीसी), मेमरीतला निरुपयोगी कचरा गोळा करणं. साधा हिशोब करा. तुमचा लूप दर फेरीला ६० बाइटचा कचरा मागे टाकतो आणि सेकंदाला २०० फेऱ्या मारतो, तर सेकंदाला १२ हजार बाइट झाले. हीपमध्ये (ऑब्जेक्ट ठेवायच्या मेमरीत) ६० हजार बाइट मोकळे असतील, तर पाच सेकंदांत जागा संपते. जागा संपली की रनटाइम (तुमचा सी-शार्प चालवणारा खालचा कोड) तुमचा कोड जिथल्या तिथे थांबवतो, सगळा हीप तपासतो, मेलेले ऑब्जेक्ट काढतो आणि मग कोड पुढे सोडतो. घर झाडायचं म्हणून घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं करावं, तसला प्रकार.

खात्री करून घ्यायची युक्ती सोपी आहे. लूपमध्ये मुद्दाम एक निरुपयोगी बाइट अ‍ॅरे दर फेरीला नवा बनवा. झटके लवकर लवकर येऊ लागले, तर गुन्हेगार सापडला. नॅनोफ्रेमवर्कमध्ये जीसीचे संदेश चालू करायची सोय आहे, ती चालू केलीत तर डीबग विंडोत प्रत्येक कलेक्शनला किती मिलिसेकंद लागले हे दिसतं. फक्त तो आकडा म्हणजे पूर्ण सत्य नव्हे, कारण तो संदेश छापण्यातही वेळ जातो.

खरा आरसा म्हणजे लॉजिक अ‍ॅनालायझर. पिनवरचे शून्य-एक काळाप्रमाणे पडद्यावर दाखवणारं हे यंत्र. स्वस्तातला आठ चॅनेलचा पुरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत मिळतो. लूपच्या सुरुवातीला एक मोकळा पिन उलटा करायचा, शून्याचा एक, एकाचा शून्य, बस. पडद्यावर पट्ट्यांची रांग दिसते, एक पट्टी म्हणजे एक फेरी. तुमच्या बोर्डवर माझ्या अंदाजानं दोन गोष्टी दिसतील. पहिली, साध्या पट्ट्याही चार मिलिसेकंदांच्या नाहीत. सेन्सर वाचणं, गणित आणि पीडब्ल्यूएम (ईएससीला वेग सांगणाऱ्या पल्स) लिहिणं यांतच काही मिलिसेकंद गेलेत आणि स्लीपचे चार त्यावर चढलेत. दुसरी, अधूनमधून एखादी पट्टी बाकीच्यांच्या कितीतरी पट लांब. ती लांब पट्टी आणि मोटरचा झटका एकाच क्षणी येतात.

आता मुख्य मुद्दा. थांबा वीस मिलिसेकंदांचा असला, तरी तेवढ्यानं क्वाड पडत नाही. हाताच्या धक्क्यानं तो सेकंदाला २० अंशांनी कलंडत असेल, तर वीस मिलिसेकंदांत ०.४ अंश कलेल. कोणाच्या लक्षातही येणार नाही. पीडब्ल्यूएम हार्डवेअरमधून निघतं, त्यामुळे त्या काळात मोटरला शेवटचा आकडा मिळत राहतो आणि ती फिरत राहते. झटका येतो तो थांबा संपल्यानंतरच्या पहिल्या फेरीत. तुमच्या डी टर्ममध्ये (पीआयडीतला बदलाच्या वेगाचा भाग) जायरोच्या दोन वाचनांतला फरक ०.००४ नं भागलाय. प्रत्यक्षात ती दोन वाचनं २४ मिलिसेकंदांच्या अंतरानं घेतलेली असतात. म्हणजे डी सहापट मोठा निघतो. एक फेरी मोटरना सहापट डोस, पुढच्या फेरीला सगळं पूर्ववत. हाच तुमचा झटका. पीआयडीचे आकडे फिरवून तो जात नाही, कारण आकडे चुकलेच नाहीत, भागाकार चुकलाय.

म्हणून सगळ्यात आधी स्लीप काढा आणि डीटी मोजा. मिलिसेकंदांचा टिककाउंट यासाठी चालणार नाही. चार मिलिसेकंद मोजायला एक मिलिसेकंदाची पट्टी लावली तर २५ टक्क्यांपर्यंत चूक होते. ईएसपी३२ च्या नॅनोफ्रेमवर्क लायब्ररीत मायक्रोसेकंद देणारा हाय-रेझ टायमर आहे, तो घ्या. लूपला हवा तेवढा वेळ घेऊ द्या, फक्त प्रत्येक फेरीला खरा डीटी मोजून तोच सगळीकडे वापरा. आणि डीटी १५ मिलिसेकंदांच्या वर गेला तर त्या फेरीत डी शून्य धरा, आयची (साचत गेलेल्या चुकीची) बेरीज पुढे नेऊ नका, फक्त पी (आत्ताच्या चुकीचा भाग) चालू द्या. एवढ्यानंच तुमचा दिसणारा झटका बहुतांशी जाईल. जीसी अजून होईलच, पण मोटरना कळणार नाही.

चुकीच्या डीटीचा दुसरा परिणाम तुम्हाला अजून जाणवलेला नाही. जायरोच्या वेगाला डीटीनं गुणून कोन काढताना खरा वेळ नऊ मिलिसेकंद आणि धरलेला चार असेल, तर कोन निम्म्याहूनही कमी येतो. दोन्ही सेन्सरचे आकडे मिसळणाऱ्या कॉम्प्लिमेंटरी फिल्टरमधला अ‍ॅक्सेलरोमीटर ही चूक मागून भरून काढतो, त्यामुळे टेबलावर सगळं बरोबर दिसतं. हवेत पटकन कललात की क्वाड उशिरा जागा होतो आणि लंबकासारखा डोलायला लागतो. फिल्टरमधला जायरोच्या वाट्याचा ०.९८ हा आकडाही डीटीशी बांधलेला आहे. चार मिलिसेकंदांच्या लूपला त्याचा टाइम कॉन्स्टंट साधारण ०.२ सेकंद येतो, दहा मिलिसेकंदांच्या लूपला ०.५ सेकंद. दुसऱ्याच्या कोडमधून ०.९८ उचलताना त्याचा लूप किती वेगानं फिरत होता, हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मला अर्धा ते एक सेकंद पसंत आहे. मोटरची थरथर अ‍ॅक्सेलरोमीटरमध्ये भरपूर असते, त्याच्यावर फार विश्वास टाकू नये.

आता कचरा कमी करायचा. मॅनेज्ड कोडवर क्वाड उडवण्याची अर्धी कला म्हणजे लूपमध्ये काहीही नवं न बनवणं. आयटूसीसाठी (सेन्सरशी बोलायची दोन तारांची पद्धत) लागणारे दोन बाइट अ‍ॅरे, एक रजिस्टरचा पत्ता लिहायला आणि एक १४ बाइट वाचायला, एकदाच वर बनवायचे आणि तेच शेवटपर्यंत वापरायचे. स्ट्रिंग जोडणं बंद. डीबगला "रोल बरोबर अमुक" असं छापायची सवय लागलेली असते. त्यातली प्रत्येक ओळ दोन-तीन ऑब्जेक्ट मागे टाकते, शिवाय डीबग पोर्टवर वेळ खाते. अ‍ॅरेलिस्टमध्ये इंटिजर टाकले की बॉक्सिंग झालं, म्हणजे प्रत्येक आकड्यामागे हीपवर एक ऑब्जेक्ट. इव्हेंट आणि डेलिगेट लूपमधून बाहेर. टेलीमेट्री पाठवायची असेल तर एका तयार बाइट अ‍ॅरेत आकडे भरून, दहा-वीस फेऱ्यांतून एकदा. आर्म करायच्या (मोटरना फिरायची परवानगी द्यायच्या) क्षणी, मोटर अजून थांबलेल्या असताना, जीसी स्वतः बोलवून हीप साफ करून घ्या. लूपमध्ये खरोखर काहीच बनत नसेल तर पूर्ण बॅटरी संपेपर्यंत पुन्हा जीसी होत नाही. हे नुसतं स्वप्न नाही, गाठता येतं. संदेश चालू ठेवून पंख्यांशिवाय दहा मिनिटं बोर्ड चालवा, एकही ओळ आली नाही की जमलं.

इथे सी-शार्पला एक फायदा आहे तो सांगतो, कारण "मग मायक्रोपायथन का नको" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ईएसपी३२ वरच्या मायक्रोपायथनमध्ये फ्लोट हे हीपवरचं ऑब्जेक्ट असतं. दोन फ्लोटची बेरीज केली की मेमरी खर्च झाली. पीआयडी म्हणजे नुसती फ्लोटची बेरीज-वजाबाकी. सी-शार्पमध्ये फ्लोट हा साधा व्हॅल्यू टाइप असतो, लोकल व्हेरिएबलमध्ये बसतो, कचरा होत नाही. मायक्रोपायथनमध्ये हे इंटिजरवर नेऊन सोडवता येतं, पण मग भाषेचा सोपेपणा कुठे राहिला?

फ्लोटचाच विषय निघाला म्हणून: ईएसपी३२ मधलं फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअर सिंगल प्रिसिजनचं आहे. डबल सॉफ्टवेअरमधून होतो. कोडमध्ये नुसतं ०.९८ लिहिलंत तर सी-शार्प त्याला डबल समजतो आणि अख्खं समीकरण डबलमध्ये ओढतो. आकड्यामागे एफ लावा. आर्कटॅन तर टाळाच. शिकण्याच्या काळात क्वाड २० अंशांपलीकडे कलू द्यायचा नाही, आणि तेवढ्यात दोन अक्षांचा भागाकार गुणिले ५७.३ एवढं पुरतं. २० अंशांना चूक एका अंशाच्या आत राहते.

पण गणितानं वेग किती वाढेल याबद्दल फार आशा ठेवू नका. हे रनटाइम इंटरप्रीटर आहेत, जेआयटी (चालवण्याआधी मशीन कोड बनवणारे) नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट मायक्रो फ्रेमवर्कची मुळं त्यांच्या स्पॉट नावाच्या मनगटी घड्याळांत होती. २००९ मध्ये ते ओपन सोर्स झालं, २०१० मध्ये नेटडुइनो बोर्ड आला, ४८ मेगाहर्ट्झचा एआरएम७ आणि वापरायला जेमतेम ६० केबी मेमरी. पुढच्या नेटडुइनो प्लस २ मध्ये १६८ मेगाहर्ट्झचा एसटीएम३२ आला. नॅनोफ्रेमवर्क त्याच कोडमधून पुढे वाढलंय, त्यामुळे हाडं तीच: प्रत्येक आयएल (सी-शार्प कंपाइल होऊन बनणारा मधला कोड) सूचना वाचायची, ओळखायची, चालवायची. मेथड कॉल विशेष महाग. ऑफिसात आपण दहा ओळींच्या सुबक मेथड पाडतो, इथे आतला लूप एका लांबलचक मेथडमध्ये, कुरूप, सरळ लिहायचा. कोड रिव्ह्यूत कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

त्या वारशातली आणखी एक गोष्ट थ्रेडची. इथे प्रत्येक थ्रेडला २० मिलिसेकंदांचा वाटा मिळतो. एक थ्रेड उड्डाणाचा, एक रिसीव्हरचा, एक टेलीमेट्रीचा अशी रचना विंडोजवर शोभून दिसते. इथे दुसऱ्या थ्रेडला काम निघालं की तुमचा उड्डाणाचा थ्रेड २० मिलिसेकंदांपर्यंत बाजूला बसतो, आणि तिसराही असेल तर आणखी तेवढाच. टायमरचा कॉलबॅकही मॅनेज्ड थ्रेडवरच चालतो, तेव्हा "मग टायमर लावतो" हे उत्तर नाही. एकच थ्रेड, एकच लूप. प्रायॉरिटीचे खेळ मी करत नाही.

मग रिसीव्हर कसा वाचायचा? चॅनेलमागे एक वायर आणि इंटरप्टवर पल्सची लांबी मोजणं हे मॅनेज्ड कोडमध्ये डोक्याला ताप आहे. पल्स १००० ते २००० मायक्रोसेकंदांची, आणि तुमचा हँडलर कधी जागा होईल याचा भरवसा नाही. सिरियल रिसीव्हर घ्या. फ्लायस्कायचा सहा चॅनेलचा आयए६बी आपल्याकडे सहज मिळतो आणि त्याला आयबस (सगळे चॅनेल एका तारेवरून पाठवणारी सिरियल पद्धत) निघतं: ११५२०० बॉड, ३२ बाइटची फ्रेम, साधारण दर सात मिलिसेकंदांनी. पहिले दोन बाइट हेक्समध्ये २० आणि ४०, मग चॅनेलचे आकडे लहान बाइट आधी, शेवटी चेकसम, म्हणजे ६५५३५ मधून पहिल्या तीस बाइटची बेरीज वजा. यातलं वेळेचं काम यूएआरटी (सिरियल पोर्टचं) हार्डवेअर आणि खालचा नेटिव्ह कोड करतो. तुम्ही सवडीनं बफर उघडायचा. मध्ये जीसी झाला तर तीनेक फ्रेम साचतील. बफर १२८ बाइटचा किंवा मोठा ठेवा, शेवटची पूर्ण फ्रेम घ्या, बाकीच्या टाका. ट्रान्समीटर बंद केल्यावर रिसीव्हर फ्रेम पाठवणं थांबवतो की शेवटचे आकडे पाठवत राहतो, हे पंख्यांशिवाय तपासून बघा, आणि थ्रॉटलचं फेलसेफ (संपर्क तुटल्यावर लागणारा आकडा) ट्रान्समीटरमध्येच सेट करा.

सगळ्या रचनेचं सूत्र हेच आहे: जिथे मायक्रोसेकंदांचा हिशोब आहे तिथे हार्डवेअर, जिथे निर्णय आहे तिथे सी-शार्प. पीडब्ल्यूएमला हे लागू होतं. ईएससीला ५० हर्ट्झ नको, ४०० हर्ट्झ द्या, आताच्या बहुतेक ईएससींना चालतं. मग दर २.५ मिलिसेकंदांनी नवा आकडा पोहोचतो. ड्यूटी सायकल लायब्ररीत किती पायऱ्यांत मोडते तेही बघा. दहा हजार पायऱ्या असतील तर ५० हर्ट्झला एक पायरी दोन मायक्रोसेकंदांची, म्हणजे थ्रॉटलच्या पूर्ण टप्प्याला फक्त ५०० पायऱ्या. ४०० हर्ट्झला तीच पायरी पाव मायक्रोसेकंदाची होते. एसटीएम३२ वापरलात तर चारही मोटरचे पिन एकाच टायमरच्या चार चॅनेलवर घ्या, फ्रीक्वेन्सीचा गोंधळ होत नाही.

सेन्सरकडे वळू. एमपीयू-६०५० वीज मिळाल्यावरही झोपेतच असतो. रजिस्टर ६बी मध्ये शून्य लिहून उठवायचा, हे तुम्ही केलेलंच असणार. आयटूसीचा वेग ४०० किलोहर्ट्झ स्पष्ट सांगा. १४ बाइट वाचायला पत्ते धरून १५३ क्लॉक लागतात: ४०० ला ०.४ मिलिसेकंद, १०० ला दीड. फरक मोठा आहे. सहा रजिस्टरं सहा वेगळ्या कॉलमध्ये वाचू नका. ३बी पासून सलग १४ बाइट एका दमात. जायरो ±५०० अंशांवर ठेवा, मग ६५.५ नं भागलं की अंश प्रति सेकंद. बाजारात या नावानं मिळणाऱ्या काही मॉड्यूलवर चिप वेगळीच असते. हू-अ‍ॅम-आय रजिस्टर वाचा, हेक्स ६८ यायला हवं. ७० आलं तर ती एमपीयू-६५०० आहे, चालते, पण फिल्टरची काही रजिस्टरं वेगळी आहेत.

आणि आतला डिजिटल लो-पास फिल्टर. बहुतेक उत्साही मंडळी तो बंद ठेवतात, कारण तो उशीर आणतो. वेगवान सी कोडवर ठीक. तुमच्या लूपवर तो बंद ठेवणं आत्मघातकी. दहा इंची पंखा तरंगताना मिनिटाला ५००० फेरे मारतो असं धरा. म्हणजे ८३ हर्ट्झची थरथर. तुमचा लूप १०० हर्ट्झनं वाचत असेल तर ही ८३ हर्ट्झची थरथर वाचनांत १७ हर्ट्झची हालचाल बनून दिसते. १७ हर्ट्झ म्हणजे क्वाड खरोखर हलतोय असं पीआयडीला वाटणारच, आणि तो नसलेल्या हालचालीशी भांडत बसणार. मोटर गरम होतात ते यामुळे. वाचन झाल्यावर सी-शार्पमध्ये कितीही फिल्टर लावा, ती खोटी हालचाल खऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. फिल्टर वाचनाच्या आधीच हवा. रजिस्टर १ए मध्ये ३ लिहा: जायरोला ४२ हर्ट्झ आणि सुमारे पाच मिलिसेकंदांचा उशीर. सोबत पंखे बॅलन्स करा. हलक्या बाजूला सेलोटेपचा तुकडा लावून पंखा आडवा स्थिर राहीपर्यंत.

याच कारणानं तुमची ४५० ची फ्रेम योग्य निवड आहे. मोठा पंखा वेग बदलायला सावकाश असतो, फ्रेमची जडता जास्त असते, दीडशे-दोनशे हर्ट्झच्या लूपवर ती समाधानानं उडते. पाच इंची रेसिंग क्वाड याच कोडवर उडवायला जाऊ नका.

आता ज्या भागाबद्दल मला खरी काळजी आहे तो. पीडब्ल्यूएम हार्डवेअरमध्ये आहे हा जसा फायदा, तसाच धोका. तुमच्या थ्रेडमध्ये न पकडलेलं एक्सेप्शन आलं, समजा अ‍ॅरेच्या बाहेरचा इंडेक्स, तर थ्रेड मरतो आणि मोटर शेवटच्या आकड्यावर फिरत राहतात. व्हिज्युअल स्टुडिओत ब्रेकपॉइंट लावला की कोड थांबतो, मोटर थांबत नाहीत. डीबगर लावलेल्या बोर्डला पंखे कधीही जोडू नयेत, हा नियम भिंतीवर लिहून ठेवा. लूपभोवती ट्राय-कॅच हवाच आणि कॅचमध्ये चारही पीडब्ल्यूएम बंद करायची. पण रनटाइमच अडकलं तर कॅच चालणार कुठे? ईएससीला सिग्नल नाहीसा झाला तर तो मोटर थांबवतो, पण इथे सिग्नल नाहीसा होतच नाही.

उपाय दोन स्वस्त चिपांचा आहे. ७४एचसी०८ मध्ये चार अँड गेट (दोन्ही पाय वर असले तरच आउटपुट वर) असतात, मोटरही चार. प्रत्येक पीडब्ल्यूएम एका गेटच्या एका पायातून न्या. चारही गेटचे दुसरे पाय एकत्र जोडा. त्या सामाईक तारेला ७४एचसी१२३ या मोनोस्टेबलचं (ट्रिगर मिळाला की ठरलेला वेळ वर राहणाऱ्या चिपचं) आउटपुट द्या, आणि त्याच्या ट्रिगरला लूपमध्ये उलटा होणारा तोच पिन, जो तुम्ही अ‍ॅनालायझरसाठी काढलाय. पिन हलत आहे तोवर मोनोस्टेबल वर राहतो आणि गेट उघडी. पिन थांबला की ठरलेल्या वेळानं मोनोस्टेबल खाली येतो, चारही सिग्नल शून्य, ईएससी मोटर बंद करतो. वेळ साधारण ०.४५ गुणिले रेझिस्टर गुणिले कपॅसिटर. २२० किलोओहम आणि एक मायक्रोफॅरडला १०० मिलिसेकंदांच्या आसपास. कंपनीगणिक हा गुणक बदलतो, डेटाशीट बघा आणि अ‍ॅनालायझरवर मोजा. तुमच्या मोजलेल्या सर्वांत लांब फेरीच्या चार-पाचपट ठेवलात की खोटा अलार्म येत नाही. दोन्ही चिपा ३.३ व्होल्टवर चालतात. अट एकच: हा पिन उड्डाणाच्या लूपमधूनच हलला पाहिजे. टायमरमधून हलवलात तर लूप मेल्यावरही हृदय धडधडत राहील.

याचा जोडफायदा: मॅनेज्ड रनटाइम जागं व्हायला वेळ घेतं, तोवर पिन अधांतरी असतात आणि ईएससी भलतंच काही ऐकतात. मोनोस्टेबल खाली असल्यामुळे तोवर सगळं बंद. चार ईएससींच्या लाल (बोर्डला वीज देणाऱ्या) तारा एकत्र जोडल्या असतील तर एक ठेवून बाकीच्या काढा. वाय-फाय चालू ठेवणार असाल तर ईएसपी३२ जवळ मोठा कपॅसिटर लावा; रेडिओ बोलताना तो एकदम जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज खाली गेलं की बोर्ड रिसेट होतो. हवेत रिसेट म्हणजे काय ते सांगायला नको. मी उड्डाणात वाय-फाय बंदच ठेवतो.

ट्यूनिंगवर मोठं व्याख्यान देत नाही. फ्रेमच्या एका अक्षातून सळई घालून दोन स्टुलांच्या मध्ये ती मोकळी फिरेल अशी बसवा आणि बाजूला उभे राहा, पंख्यांच्या पातळीत नको. आधी फक्त वेगाचा आतला लूप, कोनाचा बाहेरचा बंद. पी वाढवत जा, थरथर सुरू झाली की तिसरा हिस्सा कमी करा, मग थोडा डी, तोही जायरोच्या बदलावर, हव्या आणि खऱ्या वेगातल्या फरकाच्या बदलावर नको, नाहीतर स्टिक हलवली की लाथ बसते. आय सगळ्यात शेवटी. बॅटरीचा सेल ३.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका. व्होल्टेज उतरलं की तोच पी कमी जोर लावतो आणि तुम्ही उगाच आकडे बदलत बसता.

इतकं करूनही लूप शंभर हर्ट्झच्या वर जात नसेल, तर दोन वाटा आहेत. नॅनोफ्रेमवर्कमध्ये इंटरॉपची सोय आहे: सेन्सर वाचन, वेगाचा पीआयडी आणि मोटर मिक्सिंग एवढा भाग सी++ मध्ये लिहून फर्मवेअरमध्ये बांधायचा, वरचा कोन, मोड आणि टेलीमेट्री सी-शार्पमध्ये. फर्मवेअर स्वतः बिल्ड करावं लागतं, एक-दोन संध्याकाळी डोकं फिरतं. दुसरी वाट मला जास्त आवडते. बीटाफ्लाइट (तोल धरायचं तयार सॉफ्टवेअर) चालणारा एक साधा फ्लाइट कंट्रोलर घ्या, आणि तुमच्या बोर्डनं रिसीव्हरचं सोंग घ्यायचं: खऱ्या रिसीव्हरकडून आयबस वाचायचं, हवं ते बदलायचं आणि ३२ बाइटची तशीच फ्रेम कंट्रोलरला पाठवायची. उंची धरणं, ठरलेला मार्ग, कॅमेरा, सगळी अक्कल सी-शार्पमध्ये. तोल धरायचं काम दुसऱ्याचं. तुमचा बोर्ड अडकला तर फ्रेम थांबतात आणि कंट्रोलरचं फेलसेफ आपोआप लागतं, वरच्या दोन चिपाही लागत नाहीत. तुमचा हेतू शेवटी काहीतरी उपयोगी उडवण्याचा असेल तर इकडे या. हेतू पीआयडी समजून घेण्याचा असेल तर आधी वरची लांब वाट पुरी करा. ती मजा सोडू नका.

जागेबद्दल. बॅटरीसकट तुमचा क्वाड किलोच्या वर जाईल, म्हणजे ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते दोन किलोच्या मायक्रो वर्गात. बिगर-व्यावसायिक वापराला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी आणि झोनचे नियम आहेतच. ते उडवण्याआधी वाचा आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, शिवाय लष्कराच्या जागा ठिकठिकाणी, त्यामुळे पुण्यात गच्चीवरून उडवायचा विचार सोडा. शहराबाहेर हिरव्या झोनमधलं गवताळ मैदान शोधा, आणि पहिल्या दिवशी गुडघ्याच्या वर नेऊ नका.

पुढचा प्रश्न विचाराल तेव्हा दोन आकडे सोबत पाठवा: लूपची सरासरी फेरी किती मायक्रोसेकंदांची आणि दहा मिनिटांतली सगळ्यात लांब फेरी किती. पीआयडीचे आकडे त्यानंतर बघू.